रोजच्या इंग्रजी शब्दांचे मूळगाव

'ओके' हा शब्द कुठून आला, या प्रश्नाला कितीतरी वर्षे वाटेल ती उत्तरे मिळत होती. कुणी म्हणे तो अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या बोलीतला. कुणी ग्रीकमधल्या 'सगळे ठीक' अशा अर्थाच्या दोन शब्दांकडे बोट दाखवी, तर कुणी हैतीमधल्या एका बंदराचे नाव घेई. १९६३-६४मध्ये अ‍ॅलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून एक लेखमाला लिहिली आणि हा वाद जवळजवळ मिटला. १८३०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या वर्तमानपत्रांत गंमत म्हणून चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट' हे मुद्दाम 'ओल कोरेक्ट' असे लिहायचे आणि त्याचे 'ओ. के.' करायचे. २३ मार्च १८३९च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापलेले आहे. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. किंडरहूक गावचे मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते आणि त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. त्यांच्या पाठीराख्यांनी 'ओके क्लब' काढले. व्हॅन ब्युरेन हरले, पण ती दोन अक्षरे देशभर पसरली. त्या टुमेतली बाकीची आद्याक्षरे विरून गेली, आणि हे एक मात्र आज आपल्याकडे भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

हे उदाहरण पहिल्याच पानावर घेण्याचे कारण आहे. रीड यांच्याआधीच्या कहाण्या त्यांच्या उत्तरापेक्षा रंगतदार होत्या. रीड यांच्याजवळ तारीख होती, छापील ओळ होती आणि त्या काळची टूम सिद्ध करणारी तशीच इतर उदाहरणे होती. व्युत्पत्तीला साक्षीदार लागतो, या एका आग्रहापोटी हे पुस्तक लिहिले आहे. शब्दांच्या मुळांविषयी मराठीत कुतूहल पुष्कळ आहे. त्या कुतूहलाला पुराव्याची सवय लागावी, एवढीच इच्छा आहे.

शब्दाचे मूळ शोधण्याची हौस फार जुनी. ग्रीकांची समजूत अशी की मूळ सापडले की शब्दाचा 'खरा' अर्थ सापडतो. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात याहून खोल चर्चा आहे. सगळी नामे धातूंपासूनच झाली, हे शाकटायनाचे मत. सगळी नाही, हे गार्ग्याचे. यास्क दोन्ही बाजू मांडतो आणि पहिलीकडे झुकतो. पण ग्रीक काय नि यास्क काय, दोघेही प्रामुख्याने एकाच भाषेच्या आत पाहत होते. दोन भाषा शेजारी ठेवून त्यांची पद्धतशीर तुलना करायची, ही कल्पना यायला बराच काळ जावा लागला, आणि ती येण्यात गोव्याचा वाटा आहे, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले. 'क्रिस्तपुराण' रचणारे, मराठीवर मनापासून प्रेम करणारे ते स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. त्याच दशकात कोचीन आणि गोव्यात राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या इटालियन व्यापाऱ्याला संस्कृत आणि इटालियन शब्दांतले साम्य जाणवले होते. सात, आठ, नऊ हे आकडे, देव, सर्प अशी उदाहरणेच त्याने दिली. दोघांच्या निरीक्षणातून तेव्हा काही उभे राहिले नाही. स्टीफन्स यांचे पत्र अभ्यासकांच्या नजरेस यायला विसावे शतक उजाडले. १७६७मध्ये पाँडिचेरीहून केर्दू या फ्रेंच पाद्र्याने पॅरिसला पाठवलेला निबंधही छापला जायला चाळीसेक वर्षे गेली. मग २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही कुठल्यातरी एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या, भाषेतून निघाल्या असाव्यात. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, आणि केल्टिक भाषांचाही त्यांनी उल्लेख केला. हे ऐकणारा वर्ग होता, छापणारी संस्था होती, म्हणून भाषांच्या तुलनेच्या विद्याशाखेचा आरंभ त्या दिवसापासून मोजतात. माझ्या मते स्टीफन्स या राशोलच्या जेझुइटाचे नाव या इतिहासात आजच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत यायला हवे.

जोन्स यांच्या विधानाचा एक सोयीस्कर विपर्यास आपल्याकडे रूढ आहे. इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे बरेचजण अभिमानाने सांगतात. जोन्स तसे म्हणाले नव्हते आणि नंतरच्या अभ्यासातूनही तसे निघाले नाही. दोघींची आई एक, आणि ती आई आता फक्त लेकींच्या चेहऱ्यांवरून ओळखायची. या आदिभाषेला इंडो-युरोपीय म्हणतात. तिचा एकही लेख उपलब्ध नाही. तिचे शब्द तुलनेने पुन्हा रचावे लागतात, म्हणून ते छापताना आधी फुली देण्याची प्रथा आहे.

ही तुलना शास्त्रशुद्ध झाली ती ध्वनींच्या नियमामुळे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये हा नियम मांडला. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीच हे थोरले. मराठी वाचकाला हा नियम इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळतो, कारण आपली वर्णमाला वर्गांत बसवलेली आहे. त, थ, द, ध ही ओळ डोळ्यांपुढे आणा. आदिभाषेतला 'त' इंग्रजीत 'थ' होतो: त्रि आणि थ्री, तृण आणि थॉर्न. 'द'चा कठोर 'ट' होतो: दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. 'ध'चा महाप्राण जातो: विधवा आणि विडो, मधु आणि मीड, म्हणजे मधाचे मद्य. प-वर्गात तसेच. 'प'चा 'फ', 'भ'चा 'ब': पितृ आणि फादर, भ्रू आणि ब्राउ, भ्रातृ आणि ब्रदर. क-वर्गात गो आणि काउ, युग आणि योक. एका वर्गातले ध्वनी शिस्तीत एकेक जागा सरकले. पद आणि फूट या जोडीत तर दोन्ही व्यंजने एकाच वेळी सरकलेली दिसतात.

काही शब्द या नियमात बसत नव्हते. 'पितृ' आणि 'भ्रातृ' दोन्हींत 'त' आहे, मग जुन्या इंग्रजीत एकात 'ड' आणि दुसऱ्यात 'थ' का? १८७५मध्ये कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने याचे उत्तर दिले, आणि ते मिळाले वेदांच्या पठणपरंपरेत. वैदिक उच्चारात 'पिता' शब्दाचा उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे, 'भ्राता'चा पहिल्या. आघात ज्या जागी होता त्यावरून जर्मानिक भाषांत व्यंजन कठोर राहिले किंवा मऊ पडले. जर्मानिक भाषांतून तो जुना आघात केव्हाच पुसला गेला होता. वैदिकांनी तो तोंडपाठ जपला होता, आणि पाठशाळांतल्या त्या काटेकोर घोकंपट्टीने इंग्रजी शब्दांचे एक कोडे सुटले. या विद्याशाखेतला मला सर्वांत हलवून टाकणारा प्रसंग हाच.

व्हेर्नरच्या यशाने लायप्झिगच्या तरुण व्याकरणकारांना बळ आले. ध्वनिनियमाला अपवाद नाही, दिसला तर त्याचेही कारण शोधा, अशी त्यांची भूमिका होती. ती टोकाची होती, पण व्युत्पत्तीतले स्वैर अंदाज तिनेच बंद पाडले. इंग्रजीतला 'डे' आणि आपला 'दिवस' घ्या. आवाज जुळतो, अर्थ जुळतो, मन लगेच जोडी लावून मोकळे होते. नियम सांगतो की संस्कृतातल्या 'द'समोर इंग्रजीत 'ट' हवा, म्हणून 'डे' हा 'दिवस'चा भाऊ नव्हे. खरा भाऊ 'ट्यूजडे'मध्ये दडलेला आहे. त्यातला 'ट्यू' म्हणजे टिव नावाचा जर्मानिक देव, आणि तो शब्द आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा नातेवाईक. याहून धडधडीत उदाहरण 'बॅड'चे. 'बदनाम', 'बदमाश' यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळपास एक, अर्थही एक. नाते मात्र काहीच नाही, निव्वळ योगायोग. ज्याने ही दोन उदाहरणे नीट पचवली, त्याला या पुस्तकाची अर्धी पद्धत समजली.

लायप्झिगकरांना विरोध झाला तो शब्द आणि वस्तू एकत्र अभ्यासा म्हणणाऱ्यांकडून. ह्युगो शुखार्ट, रुडॉल्फ मेरिंगर ही त्यातली मोठी नावे. १९०९मध्ये त्यांच्या विचाराचे एक नियतकालिकही सुरू झाले. ध्वनी कितीही जुळू देत, ती वस्तू कशी बनवत हे कळल्याशिवाय शब्द कळत नाही, हे त्यांचे म्हणणे. मेरिंगरचे गाजलेले उदाहरण भिंतीचे. जर्मनमध्ये भिंतीला 'वांट' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ 'वळणे, पिळणे, गुंफणे' या क्रियेत आहे. दगड-विटांची भिंत पाहणाऱ्याला हे नाते विचित्र वाटेल. ज्याने कोकणात कुडाची भिंत पाहिली आहे, काठ्या उभ्या रोवून त्यांत आडव्या काटक्या गुंफतात आणि वरून शेणमाती लिंपतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सांगावेच लागत नाही. इंग्रजीतली 'वाँड' म्हणजे छडी, जादूगाराच्या हातातली, तीही याच कुळातली लवचीक काटकी. ध्वनिनियमाची कडक शिस्त आणि वस्तूंचे हे प्रेम, दोन्ही मला सारखीच आवश्यक वाटतात.

आता खुद्द इंग्रजीकडे. तिच्यात थर आहेत, आणि कुठला शब्द कुठल्या थरातला हे ओळखणे ही नवख्याची पहिली पायरी. पाचव्या शतकात रोमन सत्ता गेलेल्या ब्रिटनमध्ये आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या आल्या. त्यांची बोली हा तळचा थर. हाउस, वॉटर, हँड, मदर, ईट, स्लीप, आणि वाक्याला सांधणारे जवळजवळ सगळे लहान शब्द तिथले. 'लॉर्ड' हा भारदस्त शब्दही तिथलाच. मूळ रूप 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे पावाची राखण करणारा. 'लेडी'च्या मूळ रूपात पावाची कणीक मळणारी आहे. धनी म्हणजे पोशिंदा, ही आपल्या ओळखीची समजूत त्या शब्दांत गोठलेली आहे.

इ.स. ५९७मध्ये ख्रिस्ती मिशन आले आणि चर्चबरोबर लॅटिन शब्द आले. ७९३मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांनी धाड घातली. लुटायला आलेले ते लोक पुढे पूर्व आणि उत्तर इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिले, शेती केली, सोयरिकी जुळवल्या. म्हणून त्यांच्याकडून आलेले शब्द अगदी घरातले आहेत: एग, नाइफ, लेग, स्काय, हजबंड. 'विंडो' हा त्यांचा 'वाऱ्याचा डोळा'. 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेसुद्धा त्यांची. एखादी भाषा नावे उसनी घेते ते नेहमीचे, सर्वनाम घेते म्हणजे दोन समाज एका चुलीपर्यंत पोचले होते. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' मुळात एकच शब्द. पहिला सॅक्सनांच्या तोंडचा, दुसरा व्हायकिंगांच्या.

१०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राज्यकारभार, न्यायालय, सैन्य, खानदानी स्वयंपाकघर इथे फ्रेंच शब्द शिरले. गोठ्यातली 'काउ' ताटात येताच 'बीफ' होते, 'शीप'चे 'मटन' आणि 'स्वाइन'चे 'पोर्क' होते, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९च्या कादंबरीने ते घराघरांत नेले. मुद्दा खरा आहे, पण कादंबरीत तो जरा जास्तच नेटका झाला. पुढे कित्येक शतके इंग्रजीत जिवंत जनावरालाही फ्रेंच नावाने संबोधलेले आढळते. आजची काटेकोर विभागणी हळूहळू पक्की झाली. या पुस्तकात अशा जागी प्रसिद्ध कथा आणि कागदपत्रे दोन्ही शेजारी मांडली आहेत.

भाषा किती विस्कटलेली होती, याचा सुंदर दाखला इंग्लंडचे पहिले मुद्रक विल्यम कॅक्सटन यांनी १४९०च्या एका प्रस्तावनेत दिला आहे. काही व्यापारी टेम्सवर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले होते. त्यांतल्या एकाने किनाऱ्यावरच्या घरात 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. मग दुसऱ्याने 'आयरन' हवी आहेत म्हटले तेव्हा तिला उमगले. 'एग' व्हायकिंगांचा शब्द, 'आयरन' सॅक्सनांचा, दोन्हींचा अर्थ अंडी. कॅक्सटन विचारतात की छापणाऱ्याने आता कुठला शब्द छापावा. छापखान्याने असे शेकडो निवाडे केले आणि स्पेलिंगे थिजली. त्याच काळात उच्चार मात्र झपाट्याने बदलत होते. 'नाइट' म्हणजे सरदार, यातला 'के' एकेकाळी उच्चारला जाई. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' मात्र कधीच उच्चारला गेला नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच. लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो नंतर घुसवला. इंग्रजी स्पेलिंग घोकणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि सांगितले तर त्यांचा राग निम्मा होतो.

सतराव्या शतकापासून कंपनीच्या वखारींमार्फत आपल्याकडचे शब्द तिकडे जाऊ लागले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६चा कोश त्यांनी भरलेला आहे. 'लूट', 'बंगलो', 'कॉट' सर्वपरिचित आहेत. 'मुंगूस' मात्र खास मराठीतून गेले, असे इंग्रजी कोश नोंदवतात. शेवटी 'गूस' दिसते म्हणून त्याचे अनेकवचन हंसासारखे 'गीस' होत नाही. 'टँक'ची कथा अधिक गुंतागुंतीची. सह्याद्रीच्या कोणत्याही गडावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके असते, आणि इंग्रजी 'टँक'चा एक उगम मराठी-गुजराती 'टाके', 'टांकी' या शब्दांत मानतात. दुसरा उगम पोर्तुगीज 'टँके', ज्याचा संबंध पाणी अडवण्याशी आहे. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज आले तेव्हा दोन्ही शब्द कानावर पडत होते आणि बहुधा एकमेकांत मिसळले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती गाडी गुप्तपणे बनवली, तेव्हा पाण्याच्या टाक्या बनत आहेत असे भासवण्यासाठी तेच नाव दिले. एकच उगम ठामपणे सांगण्याचा मोह इथे मराठी माणसाला होणारच. तो आवरला आहे.

तारखांवर इतका भर देणे शक्य झाले ते एका कोशामुळे. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात अवतरणे होती, पण शब्दाचे पूर्ण चरित्र देण्याचा संकल्प १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत सुरू झाला. याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हाही योग लक्षात ठेवावा असा. १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली उभारली, भिंतींवर खणांच्या रांगा केल्या आणि जगभरच्या वाचकांना आवाहन केले: जे पुस्तक वाचाल त्यातल्या शब्दाचे वाक्य, वर्ष आणि पान एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. त्या कालक्रमाने लावायच्या आणि सर्वांत जुनी चिठ्ठी कोणती ते पाहायचे, इतकी ही पद्धत साधी आणि इतकी कष्टाची. 'बाँडमेड' या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द पहिल्या खंडातून सुटलाच, पुढे पुरवणीत घ्यावा लागला. मरे १९१५मध्ये वारले. कोश १९२८मध्ये पूर्ण झाला: चार लाखांहून अधिक शब्द, अठरा लाखांहून अधिक अवतरणे. हाच 'ऑक्सफर्ड'. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८पासून चाललेला संस्कृतचा महाकोश याच ऐतिहासिक तत्त्वावर उभा आहे. मराठीला कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' लाभला. मात्र प्रत्येक अर्थाची पहिली तारीख देणारा मोठा कोश अजून व्हायचा आहे.

चिठ्ठ्या रांगेत लागल्या की अर्थ कसे सरकतात ते दिसते. फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७च्या ग्रंथात या सरकण्याचा स्वतंत्र अभ्यास मांडला. 'नाइस' लॅटिनमधल्या 'अज्ञानी' या अर्थापासून निघून मूर्ख, मग चोखंदळ, मग छान झाला. 'सिली' जुन्या इंग्रजीत सुखी, भाग्यवान होता. तो भोळा, बिचारा या पायऱ्या उतरत आजच्या खुळेपणापर्यंत आला. 'गर्ल' म्हणजे एकेकाळी कुठलेही मूल. 'स्टार्व्ह' म्हणजे नुसते मरणे. 'डिअर' म्हणजे कुठलेही जनावर. म्हणून मूळ अर्थ तोच खरा अर्थ, ही ग्रीकांची समजूत सोडून द्यावी लागते. शब्दाचा अर्थ आज बोलणारे ठरवतात. मूळ सांगते ते तो कुठून आणि कुणाच्या तोंडून आला, एवढेच.

या विषयाची गरज आज वाढली आहे, कारण खोट्या व्युत्पत्ती आता क्षणात हजारो फोनवर पोचतात. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, हे अजून शाळांतून सांगितले जाते. खरे तर तो 'न्यू' या शब्दाचाच विस्तार आहे, आपल्या 'नव'चा नातेवाईक. 'सॅलरी'चा लॅटिन मिठाशी संबंध आहे, पण रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे याला पुरावा नाही. 'पॉश'ची कथा तर मुंबईशी जोडलेली. इंग्लंडहून येताना बोटीची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू उन्हापासून बचावलेली, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरे छापत, असे सांगतात. असे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. जिप्सींच्या रोमनी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दापासून तो आला असावा, असे एक मत आहे, पण तेही मतच. रोमनी ही आपल्याच भारतीय-आर्य कुळातली भाषा, आणि इंग्रजीतला 'पॅल' म्हणजे मित्र, हा निश्चितपणे तिच्यातून आलेला शब्द. त्याचे मूळ 'भ्राता'. म्हणजे 'ब्रदर' सॅक्सनांबरोबर उत्तर समुद्र ओलांडून आला आणि 'पॅल' भारतातून निघालेल्या भटक्यांबरोबर युरोपभर पायी फिरत. या खऱ्या हकिगतीपुढे बोटीच्या तिकिटाची कथा अगदीच फिकी वाटते.

दुसरे कारण साधनांचे. जुनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे आता संगणकावर शोधता येतात, आणि ऑक्सफर्ड कोशाची तिसरी आवृत्ती २०००पासून ऑनलाइन सुधारली जात आहे. पूर्वी आयुष्यभर खपून मिळे अशी जुनी नोंद आज एखाद्या विद्यार्थ्यालाही सापडू शकते. आपली इतकी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्या भाषेची वंशावळ त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या वंशावळीला कुठे भिडते, हे त्यांना कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

या पुस्तकाने स्वतःला रोजच्या शब्दांपुरते बांधून घेतले आहे: घर, अंग, शेत, बाजार, समुद्र, कचेरी. अवघड आणि शोभेचे शब्द मुद्दाम टाळले आहेत. प्रत्येक शब्दाची जुनी रूपे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत, तो कुठल्या वाटेने आला ते सांगितले आहे, आणि मराठी-संस्कृतातला नातेवाईक असेल तरच त्याचे नाव घेतले आहे. नसेल तिथे ओढूनताणून आणलेला नाही. शेवटी निर्णय किती पक्का आहे याची खूण आहे: निश्चित, संभाव्य किंवा अज्ञात. पुस्तक सलग वाचायची सक्ती नाही. हवा तो शब्द काढून वाचता येईल, फक्त ध्वनिनियमांचा भाग आधी वाचलेला बरा.

'अज्ञात' ही खूण बरीचदा दिसेल, आणि ती सर्वांत साध्या शब्दांपुढे दिसेल. 'डॉग'चे मूळ कुणालाच ठाऊक नाही. जुन्या इंग्रजीत 'हाउंड' हाच सर्रास शब्द होता, आपल्या 'श्वन्'चा नातेवाईक. 'डॉग' कुठूनतरी आला आणि त्याने 'हाउंड'ला शिकारी कुत्र्यापुरते उरवले. 'बॉय', 'गर्ल', 'बिग', 'बॅड' यांच्याबाबतही अभ्यासकांचे एकमत नाही. अशा नोंदी दोन-चार ओळींच्याच आहेत. तिथे सुचवल्या गेलेल्या कल्पना, त्यांवरचे आक्षेप आणि आजवर सापडलेली सर्वांत जुनी नोंद दिली आहे. ज्या वाचकाला याहून जुनी नोंद आढळेल त्याने ती वर्ष आणि पानासह कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती त्याच्या नावानिशी छापू.